बॅटरी संपल्यानंतरचा जमाखर्च

कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत बसविलेल्या तारेतून वीज सोडताच थरथरणारा हात शांत होतो, हे दृश्य पाहणाऱ्यास चमत्कारच वाटावा. फ्रान्समधील ग्रनोबल येथे डॉ. आलीम-लुई बेनाबीद यांनी १९८७ मध्ये या उपचाराचा पाया घातला. भारतातील मोठ्या शहरांत तो आता नवलाईचा राहिलेला नाही. परंतु चमत्काराचा हिशेब शस्त्रक्रियेच्या दिवशी मिटत नाही. आपल्याकडील चर्चा मात्र नेमकी त्याच दिवशी थांबते.

या शस्त्रक्रियेने रोग बरा होत नाही. पेशींचा ऱ्हास चालूच राहतो. कंप आणि ताठरपणा यांना आवर बसतो, इतकेच. लेव्होडोपा या औषधाने गुण येतो, पण त्या गुणाचा अवधी आखूड होत चालला आहे, अशा निवडक रुग्णांनाच तिचा खरा लाभ. स्पंदने पुरविणारे यंत्र छातीच्या कातडीखाली असते. साध्या यंत्राची बॅटरी साधारणतः ३ ते ५ वर्षांत संपते आणि यंत्रच बदलावे लागते. पुन्हा चार्ज होणारे यंत्र १५ वर्षांच्या आसपास टिकते. मात्र त्याची जादा किंमत आरंभीच मोजावी लागते. म्हणजे ज्याच्या गाठीशी पैसा कमी, त्याच्याच वाट्याला वारंवारचा खर्च!

सांगोल्यासारख्या गावच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधी मोडून आणि न्यासांकडे अर्ज करून शस्त्रक्रिया उरकली, असे समजू. चार वर्षांनी त्याने कोणाकडे जावे? बॅटरी अकस्मात संपली, तर दबलेली लक्षणे उग्रपणे उसळतात. प्रसंगी जिवावर बेतते. देणगीदारांना शस्त्रक्रियेला हातभार लावणे आवडते. बॅटरी बदलण्याच्या समारंभाला फीत कापावयास कोण येणार?

एका शस्त्रक्रियेच्या पैशांत अनेक रुग्णांना वर्षानुवर्षे लेव्होडोपा पुरविता येईल, हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. किंबहुना म्हणूनच सार्वजनिक पैशातून होणाऱ्या शस्त्रक्रिया संख्येने थोड्या असल्या तरी चालतील. त्या अर्ध्यावर सोडलेल्या नसाव्यात. पहिल्या यंत्राचा खर्च जो उचलतो, मग ते सरकार असो, विमा कंपनी असो वा न्यास, त्याने पुढच्या यंत्राची हमीही त्याच वेळी लेखी द्यावी. स्पंदनांची मात्रा जुळवून घेण्यासाठी रुग्णाला आणि सोबतीला येणाऱ्या मुलाला, रोजगार बुडवून, दर खेपेस पुण्या-मुंबईची वाट धरावी लागू नये. जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस तज्ज्ञ बसविणे काही अशक्य नाही.

शस्त्रक्रियेची परवानगी देणाऱ्या समितीपुढे हा पुढील दहा वर्षांचा खर्चाचा तक्ता वैद्यकीय कागदांच्या जोडीने ठेवलेला असावा.