टायर रीलसाठी की रस्त्यासाठी?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये फोर बाय फोर गाडी उभी असली की आपली पहिली नजर कुठे जाते? टायरवर. मोठ्ठे, दातेरी, गाडीच्या अंगाबाहेर डोकावणारे टायर. ‘कसली भारी दिसतेय यार!’ ही दाद ठरलेली. २०२० मध्ये नवी थार आली, २०२३ मध्ये पाच दरवाज्यांची जिम्नी आणि २०२४ मध्ये थार रॉक्स. आपल्या वयाच्या पोरापोरींच्या स्वप्नातली गाडी बदलली ती तेव्हापासून. ज्यांच्या घरी अशी गाडी येते त्यांचा महिनाभरात मित्रांच्या ग्रुपवर प्रश्न पडतो, ‘टायर कुठले टाकू?’ आणि उत्तर येतं, ‘एमटी टाक, डोळे झाकून!’

माझं म्हणणं इतकंच आहे की हे काम डोळे झाकून करायचं नाही. दीड-दोन टनांची गाडी आणि रस्ता यांच्यात जो काही संबंध येतो तो फक्त टायरमधून येतो. त्यातही एका वेळी प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग जमिनीला टेकलेला असतो. तो भाग कसला असावा हे रीलवरून ठरवणं म्हणजे चष्म्याचा नंबर फ्रेमकडे बघून ठरवण्यासारखं आहे.

आधी साधा हिशेब समजून घेऊ. या गाड्यांचे टायर ढोबळमानाने तीन प्रकारचे. हायवे टेरेन म्हणजे एचटी : बारीक नक्षी, कमी आवाज, डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यावर चांगली पकड. मड टेरेन म्हणजे एमटी : रबराचे मोठे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद खाचा, म्हणजे चिखल अडकून न राहता बाहेर फेकला जातो. आणि या दोघांच्या मधला ऑल टेरेन, म्हणजे एटी. एमटी चिखलात आणि दगडांत राजा आहे, यात वादच नाही. पण ज्या रुंद खाचा चिखलात कामी येतात, त्याच खाचांमुळे सपाट रस्त्याला टेकणारं रबर कमी होतं. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. वर सतत घूं घूं आवाज, जड स्टेअरिंग आणि घटलेलं ॲव्हरेज हे वेगळंच.

मग एमटीचं एवढं वेड आलं कुठून? बरंचसं ऑस्ट्रेलियाच्या व्हिडिओंमधून. तिथल्या आउटबॅकमध्ये गिब रिव्हर रोडसारखा रस्ता साडेसहाशे किलोमीटर लांब आहे आणि त्यातला मोठा भाग कच्चा. वाटेत टायरचं दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही, धारदार खडीने टायरची बाजू फाटली तर मदत यायला दिवस जाऊ शकतो. तिथला माणूस जाड बाजूंचे टायर घेतो, दोन-दोन स्टेपन्या लादतो, ते शोभेसाठी नाही. त्याचा तो नाइलाज आहे.

आता आपला हिशेब करा. समजा, पुण्यातली एखादी गाडी वर्षाला बारा हजार किलोमीटर पळते. पावसाळ्यात राजमाचीकडच्या खडबडीत रस्त्याला किंवा मावळातल्या एखाद्या चिखलवाटेला सहा वेळा गेली आणि दर वेळी वीस किलोमीटर ऑफरोडिंग केलं, तर झाले एकशेवीस किलोमीटर. म्हणजे एक टक्का. उरलेले नव्व्याण्णव टक्के काय? हिंजवडीचं ट्रॅफिक, एक्सप्रेस वे, ताम्हिणी घाटाची वळणं आणि गावी जायचा हायवे. एका टक्क्यासाठी टायर निवडून उरलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांत जीव टांगणीला लावायचा, हे मला पटत नाही.

इथे एक गैरसमज खोडायलाच हवा. ‘फोर बाय फोर आहे रे, घसरत नाही’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. फोर व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे ढकलायला मदत करतं, थांबवायला नाही. ब्रेक तर अल्टोलाही चारही चाकांना असतात. पावसात घाट उतरताना गाडी कुठे थांबेल हे ठरवतात ब्रेक, टायर आणि तुमचा वेग. शिवाय थारसारख्या दिसणाऱ्या सगळ्या गाड्या फोर बाय फोर नसतातच. २०२३ पासून थार रिअर व्हील ड्राइव्हमध्येही मिळते आणि रॉक्सचं पेट्रोल मॉडेल फक्त रिअर व्हील ड्राइव्ह आहे. अशा गाडीला एमटी टाकून एक्सप्रेस वेवर हिंडणं म्हणजे क्रिकेटचे स्पाइक्स घालून मॉलमध्ये जाणं.

दुसरी हौस मोठ्या मापाची. जिम्नीचे मूळ टायर १९५/८० आर १५. त्याजागी २३५/७५ आर १५ टाकले की चाकाचा घेर जवळपास सहा टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटरला हे कोण सांगणार? काटा आधीइतकाच दिसतो, पण गाडी प्रत्यक्षात आधीपेक्षा सहा टक्के जास्त वेगाने पळत असते. एक्सप्रेस वेवरच्या कॅमेऱ्याला तुमचा काटा दिसत नाही, गाडीचा खरा वेग दिसतो. जड चाकाने ब्रेक आणि सस्पेन्शनवर ताण येतो तो वेगळा. त्यात चार टायर मोठे आणि मागच्या दाराला लटकलेली स्टेपनी जुन्या मापाची असेल, तर पंक्चर झाल्यावर चार चाकांत एक चाक लहान. अशा वेळी फोर व्हील ड्राइव्ह लावलं तर गिअरच्या यंत्रणेची वाट लागू शकते.

याचा अर्थ आउटबॅकवाल्यांकडून शिकण्यासारखं काही नाही असा नाही. उलट जे शिकायला हवं तेच आपण सोडून देतो. ते लोक टायरइतकंच महत्त्व हवेला देतात. वाळू किंवा चिखल लागला की हवा ३२-३३ पीएसआयवरून १८-२० वर आणतात. टायर पसरतो, जमिनीवरचा भार वाटला जातो आणि गाडी निघते. मऊ वाळूत तर एमटीचे दात उलट खड्डा खणतात! आणि हायवेला लागण्याआधी गाडीतल्या छोट्या कंप्रेसरने हवा पुन्हा भरून घेतात. हे भरणं चुकवायचं नाही. कमी हवेचा टायर वेगात सतत दुमडत राहतो, तापतो आणि फुटतो. समृद्धीच्या काँक्रीटवर, भर उन्हात, ताशी १२० च्या वेगात टायर फुटणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

जाता जाता : वाळूचं सांगितलं म्हणून कोकणात किनाऱ्यावर गाडी घालू नका. तिथे लोक फिरतात, पोरं खेळतात, वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत कासवं अंडी घालतात. भरतीच्या पाण्यात रुतलेली गाडी गावकऱ्यांनी ट्रॅक्टर लावून ओढून काढायची, यात कसला आलाय थरार?

‘पैसे माझे, गाडी माझी, शौक माझा’ असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पण ओल्या रस्त्यावर तुमची गाडी जे काही फूट जास्त घसरत जाते, त्या फुटांत पुढे कुणाची तरी स्कूटर असते. ती बिचारी तुमच्या शौकात सामील झालेली नसते.

मग घ्यायचं काय? माझं मत सरळ आहे. गाडी मुख्यतः शहर आणि हायवेला असेल तर कंपनीने दिलेल्या मापाचा चांगला एचटी. महिन्या-दोन महिन्यांनी कच्च्या रस्त्याला जात असाल, गावाकडे शेतापर्यंत गाडी न्यावी लागत असेल तर त्याच मापाचा एटी. एमटी त्यांनीच घ्यावा जे खरंच दर वीकेंडला चिखलात असतात. आणि परवडत असेल तर त्यांनीही रिमसकट वेगळा सेट ठेवावा.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी तर आधी खाली वाकून टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचावा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी कितीही नवी दिसली तरी रबर म्हातारं होतंच. मग खाचांच्या तळाशी असलेल्या छोट्या उंचवट्यांकडे बघा. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटरच उरली, की टायर गोटा झाला समजा. पावसाळ्याआधी तर त्याच्याही बरंच अलीकडे बदलावा.

चार चांगल्या टायरचे पन्नास हजारांच्या वर सहज जातात. एवढे पैसे घालणारच असाल तर दुकानात जायच्या आधी मागच्या वर्षभरात गाडी कुठे कुठे गेली ते कागदावर मांडा आणि दुकानदाराला तोच कागद दाखवा. आणि उरलेल्या पैशांत हवा मोजायचं गेज घ्या. ते रीलमध्ये भारी दिसत नाही, पण दर पंधरा दिवसांनी दोन मिनिटं काढून वापरलंत, तर घरी सुखरूप पोहोचायला खूप उपयोगी पडतं.