बालमासिकांच्या पानांतून जगाकडे

जपानमध्ये घडलेल्या बालकथा गेल्या अर्धशतकात जगभरच्या घरांत पोहोचल्या असून रायगडच्या किनाऱ्यावरचे थळ हे गावही या प्रसाराबाहेर राहिलेले नाही. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९ मध्ये तयार केलेली मोगलीची मालिका पुढे दूरदर्शनवर हिंदीतून दाखवली गेली, तेव्हा तिच्यातील शेरखान या वाघाला आवाज दिला तो याच किनाऱ्यावरील मुरूड-जंजिऱ्यात जन्मलेल्या नाना पाटेकर यांनी. त्यानंतर २००५ पासून डोरेमॉन हा यंत्रबोकाही हिंदीतूनच आला आणि एका पिढीच्या बालपणाचा भाग झाला.

या प्रसाराचे श्रेय सहसा पडद्याला दिले जाते, परंतु त्याचा उगम कागदावर आहे. फुजिको एफ. फुजिओ यांचा डोरेमॉन हा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, डिसेंबर १९६९ मध्ये शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या सहा बालमासिकांतून एकाच वेळी सुरू झाला. ही मासिके शिशुवयापासून चौथीपर्यंतच्या वेगवेगळ्या वयांसाठी निघत असल्यामुळे त्या त्या वयाला रुचेल अशी निराळी कथा दरमहा रचावी लागे. १९७९ मध्ये सुरू झालेली ॲनिमे, म्हणजे जपानी धाटणीची चलच्चित्रमालिका, आणि १९८० पासूनचे चित्रपट या दीर्घ मशागतीवर उभे राहिले. शिवाय हिंदीत आल्यावरही डोरेमॉनचा बालसोबती नोबिता हा नोबिताच राहिला आणि दोन मऊ धिरड्यांमध्ये अझुकी या कडधान्याचे गोड पुरण भरलेला डोरायाकी हाच डोरेमॉनचा आवडता खाऊ राहिला, यावरून परक्या घराचे तपशील मुले किती सहज स्वीकारतात हे ध्यानात येते.

ही देवाणघेवाण एकतर्फीही नव्हती. युगो साको यांनी भारतीय ॲनिमेशनकार राम मोहन यांच्या सहकार्याने १९९२ मध्ये रामायणावर चित्रपट पूर्ण केला. शिवाय ती केवळ पडद्यापुरतीही नव्हती; तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ हे पुस्तक चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादामुळे मराठी पालक-शिक्षकांना आपलेसे वाटले.

मराठीत बालमासिकांची परंपरा नाही, असे म्हणता येणार नाही, कारण भा. रा. भागवतांनी १९५१ मध्ये ‘बालमित्र’ सुरू केले आणि बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघत आहे. उणीव आहे ती वयानुसार लिहिण्याच्या सातत्याची, चित्रकाराला लेखकाइतकाच मान आणि मोबदला देण्याची, आणि मासिकातील कथेला पुस्तक व पडद्यापर्यंत नेणाऱ्या साखळीची. थळसमोरच्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी यांच्या विरोधाला तोंड देत दुर्ग उभारण्यास प्रारंभ केला, आणि २०२५ मध्ये तो दुर्ग जागतिक वारसा यादीत गेला; हा इतिहास, कोळीवाड्यातील जीवन आणि किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या हे सारे कोणत्याही देशातील मुलाला गुंतवून ठेवील इतके समृद्ध आहे. जपानी कथांना मुलांच्या जगातून हद्दपार करणे अनावश्यक आणि अनुचित ठरेल. त्या कथांमागची निष्ठा आत्मसात करून मराठी मुलांसाठी वर्षभर, दरमहा, उत्तम चित्रांसह लिहीत राहणे हेच प्रत्येक मराठी संपादकाचे कर्तव्य आहे. या दिवाळीपासून त्याचा आरंभ व्हावा.