‘निजामकालीन’ चिरुटांची थाप

१/
बेंबळी हे धाराशिव तालुक्यातले गाव. भारतात विलीन होईपर्यंत, म्हणजे सप्टेंबर १९४८ पर्यंत, ते हैदराबाद संस्थानात होते. जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याला एवढा एकच खरा धागा पुरतो. अशा गावाचे नाव घ्यायचे आणि सांगायचे : वाड्याचे माळवद उतरवताना लाकडी पेटी निघाली, पेटीत चिरूट निघाले, चिरूट निजामकालीन आहेत. पहिले विधान खरे असू शकते, दुसरेही. तिसऱ्याला पुरावा लागतो, आणि तो मागण्याआधीच पैसे मोजले जातात.

२/
तंबाखूचा इतिहास दख्खनला उसना आणावा लागत नाही. अकबराचा अधिकारी असद बेग १६०४च्या सुमारास विजापूरहून तंबाखू घेऊन मुघल दरबारात गेला. उत्तरेच्या बादशहाने ती पाहिली ती आदिलशाही मुलखातून आलेली. ‘चिरूट’ हा शब्दही दक्षिणेचाच. तमिळ ‘सुरुट्टु’, म्हणजे गुंडाळलेले. त्रिचनापल्ली आणि दिंडिगुलच्या चिरुटांचे नाव साता समुद्रापार गेले होते. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मधला शेरलॉक होम्स नुसत्या राखेवरून त्रिचनापल्ली ओळखतो! तेव्हा मराठवाड्यात खरोखरच जुना चिरूट सापडला, तर तो दक्षिणी असण्याचा संभव अधिक. विक्रेत्याच्या तोंडी मात्र ‘हवाना’ असते, कारण हवानाला भाव येतो.

३/
पेटी खोटे बोलत नाही. ती वाचणारा घाई करतो. किंमत ‘नये पैसे’मध्ये छापली असेल तर पेटी १ एप्रिल १९५७ नंतरची. दशमान नाणी त्या दिवशी आली, आणि ‘नये’ हा शब्द १९६४ मध्ये गळला. पत्त्यात ‘तमिळनाडू’ असेल तर १९६९ नंतरची. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. एखाद्या चिठ्ठीवर फसली सन असेल, तर त्यात साधारण ५९० मिळवून इसवी सन काढावा. १३५७ हा आकडा हिजरी समजून १९३८ काढणारे महाभाग कमी नाहीत. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. दहा वर्षांची चूक, आणि तीही याच भूमीच्या सर्वांत तप्त दशकात.

४/
क्युबाच्या पेटीचे वाचन तर याहून सोपे. तळावर डागलेला शिक्का पाहावा. क्रांतीपूर्वी तिथे इंग्रजीत ‘मेड इन हवाना, क्युबा’ असे. १९६० मध्ये कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतर स्पॅनिश ‘एचो एन कूबा’ आले. कारखाना आणि महिना-वर्ष सांगणारी सांकेतिक अक्षरे १९८५ पासूनची. ‘तोतालमेन्ते आ मानो’, म्हणजे संपूर्ण हातवळणीचा, हे शब्द १९८९ पासूनचे. ‘हाबानोस एस. ए.’ ही कंपनीच १९९४ची. हा शेवटचा शिक्का असलेली पेटी जो सातव्या निजामाच्या काळाशी जोडतो, तो मीर उस्मान अली खानाला मृत्यूनंतर सत्तावीस वर्षे जगवतो.

५/
पण पेटी जुनी ठरली म्हणून आतला माल जुना ठरत नाही. मूळ चिरूट वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून दबतात, किंचित चौकोनी होतात. त्यांच्या पानांचा रंग एका छटेचा असतो. गोलगरगरीत, वेगवेगळ्या छटांचे नग जुन्या पेटीत सुखाने नांदत असतील तर पेटी दुसऱ्यांदा भरलेली असण्याची शंका घ्यावी. सेलोफेनचे वेष्टन असेल तर ते काळाबरोबर पिवळट-तपकिरी होते. स्वच्छ पारदर्शक वेष्टनातला ‘सत्तर वर्षांचा’ चिरूट पाहून हसावे आणि पुढे जावे. पानावर टाचणीएवढी गोल भोके म्हणजे तंबाखूतला किडा. लोकरीसारखी, हिरवट किंवा निळसर वाढ म्हणजे बुरशी. तिला ‘जुनेपणाचा बहर’ म्हणणे ही विक्रीची भाषा आहे.

६/
यावर ठरलेला युक्तिवाद असा : छंद आहे, कुणाचे काय बिघडते? बिघडते ते असे, की ‘निजामकालीन’ हा शब्द एकदा किमतीची चिठ्ठी झाला की तो काळाचे नाव उरत नाही. रझाकारांच्या आठवणी ज्या घरांत आजही दबक्या आवाजात सांगितल्या जातात, त्याच घरांच्या नावावर बनावट ऐश्वर्य खपवले जाते.

७/
जतनाचा अडाणीपणा तर फसवणुकीइतकाच घातक. धाराशिवचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि कोरडा असतो, तर पावसाळ्यात भिंती ओलावतात. असा वाळवून-भिजवून चिरूट उभा फाटतो. हवाबंद डब्यात ६५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणि शक्यतो वीस अंशांखालचे तापमान हवे. पंचविशीच्या पुढे किड्याची अंडी उबतात. आर्द्रतामापकावर आंधळा विश्वास नको. झाकणभर मीठ थोड्या पाण्याने ओलसर करून मापकासह बंद पिशवीत दिवसभर ठेवावे. तो ७५ दाखवत नसेल तर जितका फरक तितकी त्याची चूक. किड्याची शंका असेल तर चिरूट घट्ट पिशवीत बांधून तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये, मग एक दिवस साध्या फ्रिजमध्ये, मग बाहेर. थेट बाहेर काढला की पान तडकते. सुकलेल्या चिरुटाला ओले फडके गुंडाळू नये. ओलावा आठवड्यांच्या हिशेबाने परत द्यावा लागतो. डांबरगोळी आणि कापूर तर पेटीच्या जवळही नकोत, वास कायमचा बसतो. आणि जुना झाला म्हणून तंबाखू निरुपद्रवी होत नाही. संग्रहातला चिरूट पाहण्यासाठी असतो.

८/
या सगळ्या धांदलीत खरा ऐवज बाजूला पडतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची तंबाखू चिरुटात नव्हती. ती चंचीत, चिलमीत, विडीत, मशेरीच्या डबीत होती. आजीची बंदाची चंची, चुन्याची पितळी डबी, दाते झिजलेला अडकित्ता : या वस्तू आजही घरोघरी कोनाड्यात आहेत, आणि त्यांची मालकी सांगणारी माणसे हयात आहेत. चंचीला वाळवी लागण्याआधी ती सुती कापडात, कोरड्या जागी ठेवावी. डबी पॉलिश करू नये, तिच्यावर कोरलेले नाव घासून जाते. कोणाची, कोणत्या गावची, कोणी सांगितले, हे पेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावे. हे सारे फुकट आहे, म्हणूनच बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही.