प्रंबाननचे मासे आणि आपली खारूताई

हल्ली आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत निवृत्तीनंतरची मोठी ट्रिप म्हणजे कंबोडिया नाहीतर इंडोनेशिया, हे जवळपास ठरून गेलंय. युरोप-अमेरिका मुलांनी दाखवून झालेली असते. मग अंगकोर वाट, बाली आणि जाव्हातलं प्रंबानन. परत आल्यावर फोटोंबरोबर एक वाक्य हमखास येतं, "अहो, तिथे सगळं आपलंच आहे!" मला या 'आपलंच'बद्दल जरा बोलायचंय. लांबेल थोडं, चहा घेऊन बसा.

गेल्या वर्षी आम्ही पंधरा-सोळा जण प्रंबाननला गेलो होतो. योग्यकर्ता शहराजवळचं हे नवव्या शतकातलं देऊळ. मधलं शिवमंदिर 47 मीटर उंच, एका बाजूला ब्रह्मा, एका बाजूला विष्णू. शिवमंदिराच्या कठड्याच्या आतल्या अंगाला रामायण कोरलंय. पूर्वेच्या पायऱ्यांनी चढायचं आणि प्रदक्षिणा घालत जायचं, की गोष्ट आपोआप पुढे सरकते. उरलेली गोष्ट ब्रह्माच्या देवळावर. पुस्तकासारखं वाचत जावं असं काम आहे. घाई करू नका, आमच्या टूरवाल्यांनी एक तास दिला होता, तो अगदीच तुटपुंजा.

सेतू बांधण्याच्या प्रसंगापाशी आमच्या ग्रुपमध्ये कुजबुज सुरू झाली. वानर समुद्रात दगड टाकताहेत आणि माशांच्या तोंडात दगड! "हे काय भलतंच? आपल्या रामायणात असं कुठाय? यांनी सगळं बदलून टाकलंय." गाईड तिथलाच, मुसलमान मुलगा, फार मनापासून सांगत होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण चेहरे कळतात हो.

आता गंमत बघा. सेतूच्या वेळी अंगाला वाळू लावून मदत करणारी खारूताई आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलीय. तिच्या पाठीवरच्या रेघा म्हणजे रामाची बोटं. ती खार वाल्मीकि रामायणात नाही. लक्ष्मणरेषाही नाही. आणि हे खात्रीने सांगता येतं ते आपल्याच गावात झालेल्या कामामुळे. वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती आपल्या प्राच्यविद्या मंदिराने काढली, 1960 ते 1975, सात कांडं. देशभरातल्या हस्तलिखितांची एकेक ओळ ताडून बघायची, उत्तरेकडचा पाठ काय म्हणतो, दक्षिणेकडचा काय म्हणतो, जुनं कुठलं, मागाहून आलेलं कुठलं. अयोध्या आणि युद्ध ही दोन कांडं प. ल. वैद्यांनी संपादित केली, उत्तरकांड उमाकांत शाहांनी. पानं उघडून बघा, वर श्लोक आणि खाली पाठभेदांच्या तळटीपा, कधीकधी श्लोकांपेक्षा जास्त. भारतातल्या भारतातच रामायण किती तऱ्हांनी सांगितलं गेलं, ते त्या तळटीपांत दिसतं. मग जाव्हातल्या पाथरवटांनी त्यांच्या समुद्रातले मासे घातले तर बिघडलं कुठे? आपली खार चालते, त्यांचे मासे चालत नाहीत?

अजून एक धागा सांगते. जुन्या जावानी भाषेतलं जे काकविन रामायण आहे, त्याचा सुरुवातीचा बराचसा भाग भट्टिकाव्यावर बेतलाय. आणि भट्टीने ते काव्य रचलं वलभीला, म्हणजे आपल्या गुजरातेत, भावनगरकडे. तेव्हा नातं आहेच, नाकारतंय कोण! माझं म्हणणं एवढंच, की मराठीत 'आपलं' आणि 'आमचं' हे दोन वेगळे शब्द आहेत. गुजरातीतही आहेत. 'आपलं' म्हणताना समोरचाही त्यात धरलेला असतो. आपली मंडळी प्रंबाननला 'आपलं' म्हणतात, पण सूर 'आमचं'चा असतो. तो गाईड त्यात नसतोच.

खरं तर ते देऊळ उभं आहे ते त्यांच्यामुळे. भूकंपांनी ढीग झाला होता. 1918 ला जुळवाजुळव सुरू झाली ती डच अमलात, पण शिवमंदिर पुरं झालं 1953 ला, स्वतंत्र इंडोनेशियात. आजूबाजूच्या दोनशेवर लहान देवळांपैकी बहुतेकांचे अजून ढीगच आहेत, कारण मूळचे पुरेसे दगड सापडल्याशिवाय नव्याने उभारायचं नाही, असा त्यांचा दंडक. 2006 च्या भूकंपात पुन्हा पडझड झाली, पुन्हा दुरुस्त केलं. आतल्या महिषासुरमर्दिनीला गावकरी रारा जोंगरांग म्हणतात, शापाने दगड झालेली राजकन्या. त्या नावाला आमच्यातले काही हसले. मला तर ते नाव फार आवडलं. पूजा थांबली, राज्य गेलं, धर्म बदलला, तरी गावाने तिला गोष्टीत ठेवून घेतलं. आणि 1961 पासून तिथे रामायणाचं नृत्यनाट्य होतं, बहुतेक कलाकार मुसलमान. सीता झालेल्या मुलीच्या हातांकडे बघत राहावं.

मंडळी, हे आपल्याला नाही कळणार तर कुणाला कळणार? 1734 ला बडोदं गायकवाडांकडे कायमचं आलं, तेव्हापासून आपण इथे आहोत. पुण्याचे नातेवाईक येतात, सेव-उसळ खातात आणि म्हणतात, "ही काही खरी मिसळ नव्हे." नव्हेच, ती सेव-उसळ आहे! आपल्या आमटीत गूळ जास्त, आपल्या बोलण्यात 'वांधा नाही' आणि 'एकदम सरस'. "तुमचं मराठी बिघडलंय" हे लहानपणापासून किती लग्नांत ऐकलंय. 2018 ला इथे साहित्य संमेलन झालं तेव्हाही एका पाहुण्याने मला ऐकवलंच. त्या वेळी आपल्याला जे वाटतं, तेच त्या गाईडला वाटलं असणार.

जाणार असाल तर मे ते ऑक्टोबरमध्ये जा, तेव्हा नृत्यनाट्य उघड्यावर, देवळांच्या पार्श्वभूमीवर होतं. आणि एक विनंती. प्राच्यविद्या मंदिरात त्या काळी पाठ ताडणारे शास्त्री, नकलनवीस, प्रुफं तपासणारे यांत आपल्यापैकी कुणाचे आजोबा, काका असतील. त्यांच्या आठवणी खाली लिहा. घरी एखादा फोटो असेल तर तोही टाका, मागची तारीख वाचता येत असेल तर तीसुद्धा.