धवळारिणीचं गाणं रेकॉर्ड करताना तिची परवानगी लागते का?

कर्जत-खालापूरसह रायगडमधल्या आगरी लग्नात धवळारीण गायला बसली की ना पेटी लागते, ना ढोलकी. ती ओळ उचलते, सोबतच्या बायका मागून म्हणतात आणि लग्नाचे विधी त्या गाण्यांवर पुढे सरकतात. 'धवळे' हा गीतप्रकार मराठीत फार जुना आहे. महानुभाव पंथातल्या महदाईसेने तेराव्या शतकात रचलेले धवळे प्रसिद्ध आहेत.

आता हे गाणं मोबाइलमध्ये टिपलं जातं, रील होते, त्यावर बीट चढतो. कर्जत-खालापूर हा तर मुंबई-पुण्यामधला फार्महाऊसचा आणि शूटिंगचा पट्टा. कॅमेरे इथे सहज पोहोचतात. मग गाणारीचा हक्क काय?

अमेरिकेत काय झालं?

'रूमफुल ऑफ टीथ' हा 2009 मध्ये सुरू झालेला अमेरिकी गायकगट. एकही वाद्य न घेता आधुनिक शास्त्रीय रचना गाणं ही त्यांची ओळख. त्यांच्यासाठी कॅरोलाइन शॉ यांनी लिहिलेल्या 'पार्टिटा फॉर 8 व्हॉइसेस'ला 2013 चं पुलित्झर मिळालं.

या रचनेच्या एका भागात इन्युइट बायकांच्या 'कटाजाक' या कंठगायनाची छाप आहे. 2019 मध्ये इन्युइट गायिका तान्या टगाक यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. गटाने हे तंत्र इन्युइट गायिकांकडूनच शिकून घेतलं होतं. तरीही श्रेय आणि मोबदला मूळ समाजापर्यंत किती पोहोचला, हा प्रश्न उरलाच.

भारतातला कायदा काय म्हणतो?

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गाण्याचा कवी माहीत नसतो, त्यामुळे त्यावर कुणा एकाचा कॉपीराइट नसतो. इथेच अनेकांची गल्लत होते. गाणं सगळ्यांचं असलं, तरी त्या दिवशी ते गाणाऱ्या बाईचा हक्क वेगळा आहे.

1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 38 मध्ये 'सादरकर्त्याचा हक्क' आहे. सादरकर्त्याच्या व्याख्येत गायकाबरोबर गारुडी आणि जादूगारही येतात. त्यासाठी मोठं नाव असावं लागत नाही. हा हक्क 50 वर्षं टिकतो. गायिकेला दोन गोष्टी मिळतात: रेकॉर्डिंगला परवानगी द्यायची की नाही हे ठरवणं, आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर आपलं नाव लावून घेणं. स्वतःपुरतं किंवा अभ्यासासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला सूट आहे. विकण्यासाठी किंवा जाहिरातीसाठी केलेलं रेकॉर्डिंग त्या सुटीत बसत नाही.

मग अडतं कुठे?

हा हक्क एकेका व्यक्तीचा आहे, समाजाचा नाही. उद्या कुणी धवळ्याची चाल उचलून स्वतः गायली, तर धवळारिणीला या कलमाचा उपयोग नाही. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत लोकपरंपरांच्या संरक्षणावर 2000 पासून समिती आहे. मे 2024 मध्ये तिथे जनुकीय संसाधनं आणि त्यांच्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर करार झाला, पण लोकगीतं त्यात नाहीत.

म्हणजे चाल उघड्यावरच आहे, आवाजाला मात्र कायद्याचा आधार आहे. तो आधार धवळारिणीला माहीत असेलच असं नाही. म्हणून रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी विचारणं, पोस्टमध्ये तिचं आणि गावाचं नाव लिहिणं, आणि कमाई होणार असेल तर तिचा वाटा आधीच ठरवणं, ही जबाबदारी मोबाइल धरणाऱ्याचीच आहे.