पाच मिनिटांसाठी उठताना

परीक्षा जवळ आल्या की कॉलेजच्या ग्रंथालयात बसायला जागा मिळत नाही. सकाळी डबा घेऊन गेलेली आपली मुलं रात्रीच घरी परततात. दोन खोल्यांचं घर, त्यात टीव्ही आणि पै-पाहुणे. अशा घरांसाठी ती शांत रिडिंग रूम म्हणजे मोठी नेमतच आहे.

आमच्या ओळखीच्या एका घरातली मुलगी अशीच रोज अभ्यासाला जायची. एके दिवशी जोहरच्या नमाजसाठी उठली. जागा जाऊ नये म्हणून वही, पुस्तक आणि चार्जिंगला लावलेला फोन टेबलावरच ठेवला. परत आली तेव्हा वही होती, चार्जर होता, फोन नव्हता. कव्हरमध्ये ठेवलेलं एटीएम कार्डही त्याबरोबर गेलं.

तिने घरी सांगितलं नाही. ‘फोन दुरुस्तीला दिलाय’ म्हणत दोन दिवस काढले. अब्बूंना कळलं तर ग्रंथालयात जाणंच बंद होईल, ही धास्ती. तिसऱ्या दिवशी खरं बाहेर आलं, तोवर खात्यातले फीचे पैसेही निघून गेले होते.

ग्रंथालयात बॅग बाहेर काउंटरवर ठेवावी लागते आणि ‘मौल्यवान वस्तू बॅगेत ठेवू नयेत’ अशी पाटीही असते. म्हणजे फोन, पाकीट, लॅपटॉप सांभाळणं आपल्याकडेच आलं. चोरी बहुधा आपण उठतो त्या पाच मिनिटांतच होते. म्हणून वुजूला, चहाला किंवा फोनवर बोलायला उठताना फोन आणि पाकीट खिशात घ्यावं. जागा धरायला वही पुरेशी आहे. लॅपटॉप नेता येत नसेल तर ओळखीच्या मैत्रिणीला किंवा मित्राला स्पष्ट विचारावं, ‘दहा मिनिटं बघशील का?’ ज्याने ‘हो’ म्हटलं, त्याच्याकडे ती अमानत झाली. मग आपण परत येईपर्यंत त्याने जागचं हलू नये. एटीएम कार्ड फोनच्या कव्हरमध्ये कधीच ठेवू नये.

एक काम आजच करून ठेवा. फोनवर *#०६# दाबा. जो १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसेल तो घरच्या डायरीत लिहा. फोनचं बिलही जपून ठेवा.

एवढं करूनही चोरी झालीच तर आधी दुसऱ्या फोनवरून सिम बंद करा, मग बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार द्या. ग्रंथपालांना लेखी कळवा आणि कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवायची विनंती करा, कारण काही दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं. पोलीस ठाण्यात फोन चोरीला गेला असेल तर ‘चोरी’च लिहून घ्यायला सांगा, ‘गहाळ’ नव्हे. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. त्या तक्रारीच्या आधारे ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर आयएमईआय देऊन फोन ब्लॉक करता येतो. मग दुसरं सिम टाकलं तरी तो देशातल्या नेटवर्कवर चालत नाही.

यातलं प्रत्येक काम पहिल्या तासात झालं तरच त्याचा पुरता उपयोग. आणि पहिल्या तासात मूल घरी फोन करील की नाही, हे आपल्यावर, आई-वडिलांवर अवलंबून आहे. ‘लक्ष कुठं होतं तुझं?’ हा प्रश्न संध्याकाळी विचारता येईल. आधी ‘सिम बंद केलंस का? आम्ही येतोय,’ एवढंच म्हणू या.

त्या मुलीच्या अब्बूंनी तिला पुन्हा ग्रंथालयात पाठवलं. आम्हाला त्याचंच सर्वांत जास्त समाधान वाटलं. फोन पुन्हा घेता येतो. मुलीचा मोडलेला अभ्यास पुन्हा उभा करणं फार अवघड असतं.