गोलात गोल, पण मशीनमध्ये घोळ

मित्रांनो, माझं मराठी कॉन्व्हेंट छाप आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या. पण मुद्दा आपल्या सगळ्यांच्या कामाचा आहे.

शाळेत प्रत्येकाने हे चित्र काढलेलं असतं : गोलात गोल. सर्वांत आत नॅचरल नंबर्स, म्हणजे १, २, ३. शून्य घेतलं की व्होल, ऋण संख्या आल्या की इंटिजर्स, अपूर्णांक आले की रॅशनल, आणि √२, पाय वगैरे मंडळी आली की रिअल. माझा रूममेट मराठी मीडियमचा. तो रॅशनलला ‘परिमेय’ म्हणतो, म्हणजे ज्याचं माप घेता येतं ते. किती सोपं!

प्रत्येक मोठा गोल एका अडलेल्या प्रश्नातून आला. ३ मधून ५ कसे वजा करायचे? ऋण संख्या लागतात. त्यांचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच दिले. तीन भाकऱ्या चौघांत वाटायच्या? अपूर्णांक हवेत. १ फूट बाजूच्या चौकोनी फरशीचा कर्ण किती? √२, म्हणजे अपरिमेय. मात्र मोठा गोल आला म्हणून छोटा रद्द होत नाही. प्रत्येक पूर्णांक हा रिअल असतोच.

व्हायवासाठी आपण एवढाच रट्टा मारतो. मग सी शिकताना गुपचूप धरून चालतो की इंट म्हणजे इंटिजर आणि फ्लोट म्हणजे रिअल. घोळ इथेच आहे! ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये एकही अपरिमेय संख्या मावत नाही. आत असतात त्या परिमेयच, आणि त्याही मोजक्या. साधं ०.१ नेमकं बसत नाही, कारण बायनरीत ते संपतच नाही. वर गंमत म्हणजे १,६७,७७,२१७ हा पूर्णांक ३२ बिटांच्या इंटमध्ये बसतो, फ्लोटमध्ये बसत नाही. बोर्डावर आत असलेला गोल मशीनमध्ये बाहेर आला की!

ही नुसती गंमत नाही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियात धहरान इथे पॅट्रियट यंत्रणा स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ अमेरिकन सैनिक मेले. ती यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजायची आणि २४ बिटांत कापलेल्या ०.१ ने गुणायची. १०० तास सलग चालल्यावर फरक ०.३४ सेकंदांवर गेला. ४ जून १९९६ ला एरियन ५ रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आसपास फुटलं. ६४ बिटांची फ्लोट संख्या १६ बिटांच्या इंटिजरमध्ये कोंबली होती, आणि तिथे ३२,७६७ च्या पुढे जागाच नाही.

काहीजण म्हणतील, डबल वापरा, विषय संपला. नाही संपत. डबलमध्ये चूक लहान होते, ०.१ तरीही नेमकं बसत नाही. आणि एरियनमधली ती संख्या ६४ बिटांचीच होती!

म्हणून माझं स्पष्ट मत : मॅथ्सच्या तासाला गोल आणि लॅबमध्ये डेटा टाईप, अशी फारकत नको. सर-मॅडमना विनंती, प्रोग्रॅमिंग लॅबमध्ये या विषयाचं एक प्रॅक्टिकल ठेवा. आणि मित्रांनो, तोपर्यंत डबल घेऊन ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ आहे का, हे मशीनला विचारून बघा. उत्तर ‘नाही’ येईल. का, ते जर्नलमध्ये स्वतःच्या शब्दांत लिहा. कॉपी न मारता!